टोले तीन पुढे

चोरी करायची तर घर भरलेलं तरी असावं. बटणचं घर निम्मं खोक्यांत गेलं होतं. शिडी त्या खोक्यांच्या मधोमध उभी राहून मान वळवून वळवून बघत होती, की आता उचलायचं काय?

शिडी म्हणजे गणिताच्या निवृत्त बाई. उंची अशी की फळ्याच्या वरच्या कडेला लिहायला तिला कधी टाचा उचलाव्या लागल्या नाहीत. बटण तिची शाळेपासूनची मैत्रीण. बुटकी, गोल, आणि एकदा जागेवर बसली की न हलणारी. ही नावं नववीत पडली ती साठी आली तरी सुटली नाहीत. बटणने लग्न केलं, संसार केला, एक लेक वाढवली. शिडीने लग्न केलं नाही. "माझ्या घरात मी आणि माझा दरवाजा," असं ती ऐटीत सांगायची, आणि रोज संध्याकाळी त्या दरवाज्याला कुलूप घालून बटणकडे येऊन बसायची.

आता बटण निघाली होती लेकीकडे, दूरच्या शहरात, कायमची. नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती, गुडघे बोलायला लागले होते, आणि लेकीने निक्षून सांगितलं होतं, "आई, दोन बॅगा आण आणि तू ये. बाकी सगळं इथे आहे." घराचा सौदाही झाला होता. बटणचा वाढदिवस सोमवारी, आणि गाडी त्याच आठवड्यातल्या शनिवारी. म्हणजे या वर्षीची वाढदिवसाची भेट शेवटची. शिडीला रडूबिडू येत नव्हतं, ती त्यातली नव्हेच. पण भेट चुकली तर ते जन्मभर मनाला खात राहील, एवढं तिला पक्कं माहीत होतं.

आणि त्यांची भेट म्हणजे दुकानात जाऊन रंगीत कागदात गुंडाळून आणायची भेट नव्हे. नववीत दोघींच्याही खिशात छदाम नसताना शिडीने बटणच्या दप्तरातून बिजागरी तुटलेली कंपासपेटी पळवली, गल्लीतल्या कुलूपवाल्याकडून नीट करून घेतली आणि वाढदिवसाला तिच्या हातात ठेवली. तिथून हा प्रघात पडला. मैत्रिणीच्या घरातली एक मोडकी वस्तू चोरायची, आणि दुरुस्तीच्या गल्लीतून बरी करून आणायची. स्वतः खटपट करायची नाही, ज्याचं काम त्याच्याच हातून व्हायला हवं. आणि सगळ्यात कडक नियम असा, की वस्तू गायब झालेली दिसली तरी मालकिणीने चकार शब्द काढायचा नाही. काढला तर त्या वर्षीची भेट रद्द.

पंचेचाळीस वर्षं हे चाललं. छत्रीवाल्याने बटणच्या वडिलांची छत्री उभी केली. बाइंडरने शिडीच्या आईची पाककृतींची वही इतकी सुरेख बांधून दिली, की आईने ती पुढे स्वयंपाकघरात न्यायचंच सोडलं. रफूवाल्या मावशींनी शिडीच्या शालीला पडलेलं भोक असं बुजवलं, की नंतर ते कुठे होतं यावर दोघींचं भांडण झालं. एकदा बटणने शिडीचा चष्माच चोरला. शिडी चार दिवस वर्गात अंदाजाने गुण देत होती. पण बोलली नाही हो. नियम म्हणजे नियम!

आताशा गल्ली निम्मी मिटली होती. छत्रीवाल्याच्या जागी मोबाइलची कव्हरं लोंबत होती, कुलूपवाल्याचा मुलगा कुलूपवाला झाला नव्हता. बाइंडर होते, रफूवाल्या मावशींची सून होती, आणि कोपऱ्यावर घड्याळवाले काका होते.

घड्याळ! शिडीची नजर भिंतीवर गेली आणि तिने स्वतःच्या कपाळावर हात मारला. हे इतकी वर्षं आपल्याला कसं सुचलं नाही?

बटणच्या बाहेरच्या खोलीत लग्नापासून एक लंबकाचं घड्याळ होतं. वेळ बरोबर दाखवायचं, टोले मात्र तीन जास्त द्यायचं. चार वाजता सात टोले, सहा वाजता नऊ. आणि रात्रीचे दहा वाजले, की एकच टोला देऊन गप्प व्हायचं. घरात सगळ्यांना सवय झाली होती, टोले मोजायचे आणि तीन वजा करायचे. बटणची लेक वजाबाकी शिकली ती त्याच घड्याळावर. शिडीला मात्र त्या घड्याळाचा मनस्वी राग. गणिताची बाई ती, चुकीचा आकडा कानावर पडला की तिचं डोकं उठायचं. "भावजी, एकदा दाखवा हो ते कोणाला तरी!" ती दर आठवड्याला म्हणायची. भावजी म्हणजे बटणचा नवरा. छापखान्यात मुद्रितं तपासायचा. दिवसभर दुसऱ्यांच्या चुकांवर लाल खुणा करणारा माणूस, पण घरातल्या या चुकीकडे बघून नुसता हसायचा. "राहू द्या हो. कोणाला त्रास आहे का त्याचा?"

"मला आहे!" शिडी म्हणायची. आणि मग तिची ती गोष्ट सांगायची, जी या घरातल्या खुर्च्यांनाही पाठ झाली होती. बटणच्या लग्नाला दहा-बारा दिवस झाले होते तेव्हाची. थंडीचे दिवस, लवकर अंधार पडायचा. शिडी दुपारीच आली होती आणि स्वयंपाकघरात बटणशी गप्पा मारत बसली होती. बाहेर भावजी कसला तरी खिळा ठोकत होते. एकाएकी त्यांनी आत डोकावून म्हटलं, "अहो, नऊ वाजले की!" शिडीने बाहेर येऊन पाहिलं तर खरंच घड्याळात नऊ. तिच्या वडिलांचा दंडक होता, नऊच्या आत घरात. चपला हातात घेऊन ती जी धावली ती घरीच जाऊन थांबली. बघते तर आई निवांत वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालतेय आणि वडील अजून कामावरून यायचेत. साडेसहाच वाजले होते! "काय गं, कुत्रं लागलं का मागे?" आईने विचारलं होतं.

"तेव्हाच मी सांगितलं होतं, तुमचं घड्याळ बिघडलंय!" असा त्या गोष्टीचा शेवट असायचा. भावजी वर्तमानपत्र चेहऱ्यासमोर धरायचे. बटण उठून चहा टाकायला जायची.

भावजी गेले, आणि पुढच्याच वर्षी घड्याळाची स्प्रिंग तुटली. तेव्हापासून ते बंदच होतं.

बटण खाली औषधं आणायला गेली तशी शिडीने हात वर केला आणि घड्याळ उतरवलं. स्टूल लागलं नाही. उशीच्या अभ्र्यात गुंडाळून तिने ते मोठ्या पिशवीत घातलं. पण लंबक काढायचं डोक्यात आलं नाही आणि पिशवी पावलागणिक खडखडायला लागली. नेमकी बटण जिन्यात भेटली. तिने पिशवीकडे पाहिलं, मग शिडीकडे पाहिलं. तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं.

"काही म्हणायचंय?" शिडीने डोळे बारीक करून विचारलं.

"नाही बाई," बटण म्हणाली. "सावकाश जा. जिना झिजलाय."

घड्याळवाले काका पंच्याहत्तरीचे. कामाची त्यांची एक पद्धत होती. आलेल्या घड्याळाची तक्रार आधी चिठ्ठीवर लिहायची, आणि आतून जे निघेल ते, मोडकी चाकं असोत की मेलेली झुरळं, कागदाच्या पुडीत बांधून मालकाला परत द्यायचं. "आपल्या घड्याळात काय होतं ते माणसाला कळायला नको?" असं त्यांचं म्हणणं.

"चालत नाही," शिडीने सांगितलं. काकांनी लिहून घेतलं. "आणि टोले तीन जास्त देतं. ते आधी सरळ करा. बाकी जमलं नाही तरी चालेल, पण टोले!"

"टोले तीन पुढे," काकांनी लिहिलं. मग चिठ्ठी डोळ्यांजवळ नेऊन पुन्हा वाचली. "बरोबर तीन?"

"सदतीस वर्षं मोजतेय मी."

सोमवारी संध्याकाळी पाचला पाच मिनिटं असताना शिडीने घड्याळ पुन्हा त्याच खिळ्यावर लावलं. काकांनी लाकूड पुसून लख्ख केलं होतं, काच नवी वाटत होती. बटण पदरात हात गुंडाळून समोर बसली होती. लंबक हलायला लागला तसा तिचा चेहरा उजळला. "चालायला लागलं गं!" ती म्हणाली आणि तिने डोळे टिपले. शिडीला वाटलं, जिंकलं.

पाच वाजले. घड्याळाने खणखणीत पाच टोले दिले आणि थांबलं.

"कसं?" शिडी म्हणाली. "वजा नाही, बेरीज नाही. पाचाला पाच!"

बटण अजून कान देऊन बसली होती. राहिलेले टोले पडतील म्हणून ती वाट बघत होती, हे शिडीला तेव्हा कळलं नाही. तिला एवढंच दिसलं, की बटणचा उजळलेला चेहरा हळूहळू पुसला गेला.

"छान झालंय," बटण म्हणाली. आवाजात काहीच नव्हतं. "शिडे, ते तूच ठेव आता. मी कुठे नेऊ? दोन बॅगांत मावायचं नाही."

पंचेचाळीस वर्षांत दोघींपैकी कोणी भेट परत दिली नव्हती. "अगं पण..." शिडी म्हणाली. बटण खोक्याला दोरी बांधायला लागली. ती गाठ तिने तीनदा बांधली आणि तीनदा सोडली. शिडी घड्याळ तिथेच भिंतीवर सोडून लवकर घरी गेली, आणि रात्रभर कूस बदलत राहिली. तिला राग आला होता. बटणचा, स्वतःचा, काकांचा, आणि त्या लेकीचा, जिने दोन बॅगा सांगितल्या.

राग कोणावर तरी काढायलाच हवा, म्हणून मंगळवारी सकाळी ती गल्लीत काकांसमोर उभी राहिली. "काय केलंत तुम्ही त्या घड्याळाला?"

"काय केलं?" काकांनी डोळ्यावरचं भिंग वर सरकवलं. "स्प्रिंग घातली. तेल दिलं. टोले जुळवले, ते तर एका मिनिटाचं काम. पुडी उघडून पाहिलीत का?"

पुडी पर्समध्ये तशीच होती. काकांनी ती काउंटरवर सोडली. तुटलेली स्प्रिंग, काळी पडलेली धूळ, आणि एक चिंधी. बोटभर लांब, निळ्या काठाची.

"ही टोले मारणाऱ्या हातोडीच्या दांडीला अडकली होती," काका म्हणाले. "रुमालाची दिसते. कोणीतरी हातोडीला रुमाल गुंडाळला असणार, टोल्यांचा आवाज होऊ नये म्हणून. आणि घाईत ओढून काढताना फाटला असणार."

"कशाला गुंडाळेल कोणी?"

"ते मी कसं सांगू? पण एक सांगतो, ताई. या घड्याळाला रोग नव्हताच. असल्या जुन्या घड्याळात टोल्यांचं चाक वेगळं आणि काट्यांचं वेगळं. काटे पुढे नेले तर टोले बरोबर पुढे जातात. पण काटे मागे आणले, तर टोले काही मागे येत नाहीत. काटे मागे फिरवायचे नाहीत, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. कोणीतरी काटे तीन तास पुढे नेले होते आणि पुन्हा मागे आणले होते. एकदाच. मुद्दाम."

शिडी चिंधीकडे बघत राहिली. थंडीचे दिवस. स्वयंपाकघर. बाहेर ठक ठक नाही, थप थप. भावजी, काय ठोकताय? खिळा. साताचे सात, आठाचे आठ, नवाचे नऊ. चोवीस टोले, रुमालात गुंडाळलेले. अहो, नऊ वाजले की!

नवरा-बायकोचा संसार दहा-बारा दिवसांचा, आणि ही बया दुपारपासून ठाण मांडून बसलेली!

"अगं बाई," शिडी म्हणाली, आणि काउंटरला धरून हसायला लागली. काका घाबरून पाणी आणायला उठले, कारण ती आता रडतही होती. पस्तीस वर्षं ती गोष्ट तिने त्या माणसाच्या तोंडावर सांगितली होती, दर वेळी रंगवून, आणि तो वर्तमानपत्राआड गुदमरत होता. आणि तिच्या जिवाभावाच्या मैत्रिणीने पोटातलं ओठावर येऊ दिलं नव्हतं. त्या दिवशी जिन्यात सांगणार होती. नियमाने तोंड बंद केलं.

"काका," शिडीने डोळे पुसले, "ते पुन्हा बिघडवून द्या."

काकांचा चेहरा असा झाला, जणू तिने त्यांना चोरी करायला सांगितलं होतं. "पन्नास वर्षं या स्टुलावर बसलोय. बिघडवायला कोणी आलं नाही माझ्याकडे."

"मी आले ना."

"माझा हात नाही व्हायचा." ते भिंग पुसायला लागले. मग स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "पण ज्याने केलं त्याला जमलं, तर तुम्हालाही जमेल. प्रत्येक तासाला थांबायचं, टोले पुरे होऊ द्यायचे. मागे आणताना हलक्या हाताने. आणि प्रवासात लंबक काढून ठेवायचा, नाहीतर काच फोडेल." एवढं सांगून त्यांनी चिंधी पुन्हा पुडीत बांधून दिली, व्यवस्थित, चारही बाजूंनी दुमडून.

संध्याकाळी शिडी पोचली तेव्हा नुकतेच सहा वाजून गेले होते. बटण खोक्यावर बसली होती. शिडीने तिच्या तळव्यावर पुडी सोडली.

बटणने निळा काठ ओळखला. साठीची बाई, पण कानापर्यंत लाल झाली. "तुला कळलं?"

"सदतीस वर्षांनी! गणिताची बाई म्हणे!" शिडी कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "मला हाकलण्यासाठी?"

"तू उठतच नव्हतीस गं!" बटण हसली आणि त्याबरोबर तिला हुंदका फुटला. "दर वेळी तू ती गोष्ट काढलीस की यांना वाटायचं, आता सांगून टाकावं. मीच चिमटा काढायची. लाज वाटायची मला. हे म्हणायचे, ते तीन तास आपले. कोणाला नाही द्यायचे, घड्याळातच राहू देत. हे गेले आणि तरी रोज ते तीन टोले जास्तीचे पडायचे ना... मला वाटायचं, आहेत अजून. आणि काल पाचावर थांबलं."

"मेले मी," शिडी म्हणाली. "चुकलं गं माझं. फार चुकलं."

"तुला काय माहीत? मी तरी कुठे सांगितलं?"

"रुमाल आण."

बटणने बॅगेची चेन उघडली. नवऱ्याचे चार रुमाल तिने वर ठेवले होते. शिडीने हातोडीला रुमाल गुंडाळला आणि मोठा काटा हळूहळू फिरवायला घेतला. बटण शेजारी उभी राहून, मान वर करून, मोजत होती. थप, थप, सात. थांबल्या. मग आठ. मग नऊ. चोवीस टोले झाले.

काटे नऊवर होते. शिडीने ते मागे आणायला बोट लावलं, तेवढ्यात बटणने तिचा हात धरला.

"अहो, नऊ वाजले की," ती हळूच म्हणाली. अगदी भावजींच्या सुरात.

शिडीने घड्याळाकडे पाहिलं. मग तिने चपला काढून भिंतीशी नीट लावल्या, बटणच्या शेजारचं खोकं पुढे ओढलं आणि त्याच्यावर बसली.

"आज नाही जायची," ती म्हणाली. "काय करायचं ते कर."

बऱ्याच वेळाने शिडीने उठून काटे हलक्या हाताने मागे आणले, मनगटावरच्या घड्याळाशी जुळवले आणि रुमाल सोडला. रुमाल या वेळी फाटला नाही. बटणने मोठ्या बॅगेतून दोन जाड चादरी काढून बाहेर टाकल्या. "चादरी काय, लेकीकडे असतील," ती म्हणाली. "हे मी मांडीवर घेऊन जाईन. लंबक तू काढून दे शनिवारी."

"काढते," शिडी म्हणाली.

सात वाजले. घड्याळाने दहा टोले दिले. शिडीने सगळे मोजले आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यातून काही वजा केलं नाही.